नको म्हणायची सोय

भाऊजी, तुम्हाला बंद करायला मला तीन दिवस लागले.

हे मी तुमच्यासमोर म्हटलं असतं तर तुम्ही खुर्चीत मागे रेलून हसला असतात. "तीन दिवस? साळेसाहेब, तुम्ही त म्हणत होते पाच मिन्टाचं काम हाये!" म्हणत होतो, खरं आहे. आठ वर्षं तेच म्हणत होतो आणि आठ वर्षं तुम्ही मला ते करू दिलं नाही. आता हात धरायला तुम्ही नाही, आणि तेच पाच मिनिटांचं काम मला उरकेना.

लोक विचारतात, तुमचं आणि भाऊजींचं एवढं काय होतं? बहिणीचा नवरा म्हणजे दिवाळीला एका पंगतीत जेवायचं, थोडी थट्टा करायची, झालं. मी सांगतो, आम्ही दोघांनी मिळून एक प्रोग्राम लिहिला. त्यावर लोक "हो का" म्हणतात आणि विषय बदलतात. त्यांना कसं सांगू, की मध्य प्रदेशातल्या सौसरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर बसून कापसाच्या गाड्या मोजून घेणारा माणूस, ज्याने कॉम्प्युटरचं शिक्षण कुठेही घेतलं नव्हतं, तो दर रविवारी मोटरसायकलने पांढुर्ण्याला माझ्या घरी यायचा आणि नागपूरच्या कंपनीचं काम करणाऱ्या मला चार शब्द शिकवून जायचा. नेमकं काय शिकवायचा ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक भांडायला शिकवलं.

सुरुवात तुमच्या घशापासून झाली. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या फाटकात रांग लागायची. पिकअप, ट्रॅक्टर, एखादी बैलगाडी. प्रत्येक गाडी काट्यावर बोलवायची ती तुम्ही, खिडकीतून ओरडून. रुईचे तंतू घशात जायचे आणि मार्गशीर्ष संपेपर्यंत तुमचा आवाज पार बसायचा. ताई हळदीचं दूध द्यायची आणि वर चार शब्द ऐकवायची. एका रविवारी तुम्ही घोगऱ्या आवाजात मला म्हणालात, "संजू, माह्या जागी ओरडनारं काही तरी बनव ना बाप्पा."

बनवलं. नाव तुम्हीच ठेवलंत, हाकारा. फळ्यावर नंबर उमटतो आणि भोंग्यातून हाक येते. आधी मराठीतून तुमचा आवाज, "एकोनपन्नास नंबर, गाडी काट्यावर घ्या जी." लगेच मागून हिंदीतून ताईचा, "नंबर उनचास, काँटे पर आइए." ताई प्राथमिक शाळेत हिंदी शिकवते, तेव्हा हिंदीसाठी दुसरं कोणी शोधायची गरजच नव्हती. पंखा बंद करून, खिडक्या लावून, घामाघूम होत तिने शंभरपर्यंतचे नंबर दोन दुपारींत बोलून दिले. एका नंबराची एक फाइल. जिनिंगच्या दिवाणजींना फक्त हिंदी हवं होतं, सगळ्यांना कळतं म्हणून. मराठी ही तुमची हौस, असं मी म्हणालो.

"हौस" या शब्दावर तुम्ही असे उखडलात, की चहा तसाच ठेवून निघालात. पुढच्या रविवारी आलात ते वाद घालायच्या तयारीनेच. तो वाद संपलाच नाही.

हाकारा आपण कुलपात ठेवला नाही. त्याचा सोर्स, म्हणजे माणसाला वाचता येईल असा मूळ मजकूर, सगळ्यांना खुला केला. ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा आणि आपल्या मशीनवर स्वतः बांधून घ्यावा. बांधण्याआधी कॉन्फिगर नावाचा एक छोटा प्रोग्राम चालतो. तो मशीन चाचपून बघतो. प्रिंटर आहे का, मोबाइलवर मेसेज पाठवायची सोय आहे का, मराठी आवाजाचं फोल्डर आहे का. जे सापडेल त्याप्रमाणे पुढचं काम होतं. काही गोष्टी असल्याच पाहिजेत, काही असल्या तर बरं. या असल्या-तर-बरं गोष्टींचं काय करायचं, एवढाच आपला वाद.

माझं म्हणणं साधं होतं. बांधणाऱ्याला विचारा. तो "हवं" म्हणाला आणि वस्तू सापडली नाही तर तिथंच थांबा आणि तसं सांगा. "नको" म्हणाला तर वस्तू डोळ्यांसमोर असली तरी हात लावू नका. विथ-अमुक, विदाउट-अमुक, अशी दोन उत्तरं ठेवा. तुमचं म्हणणं, विचारायचं कशाला? सापडलं तर घ्या, नाही सापडलं तर गुपचूप पुढे चला. मी चिडून सांगायचो, की अशाने एकाच सोर्समधून दोन मशीनवर दोन वेगळे प्रोग्राम निघतील आणि का निघाले ते कोणाला कळणार नाही. तुम्ही शांतपणे शेंगदाणे सोलत म्हणायचात, "तू अन् तुही ताई एकाच घरातून निघाले. सारखे हाये का?"

प्रिंटरचं तुम्ही ऐकलंत. मेसेजचंही ऐकलंत. मराठीवर आलं की अडायचात. एकदा मी सहज म्हणालो, "भाऊजी, मराठीले बी ऐच्छिक करून टाकू." तुमच्या हातातलं शेंगेचं टरफल तसंच राहिलं.

"तो शब्द माह्यासमोर काढू नको," तुम्ही म्हणालात. "आमच्या शाळेत मराठी ऐच्छिक होती. फारमवर मराठीपुढं खून करा लागे. पह्यल्या वर्षी सतरा पोरं होतो. मंग नऊ झालो. मंग तिघं. आता तिघांसाठी कोन तास घेते? मराठी कोनं बंद नाई केली, संजू. कोनं नको बी नाई म्हटलं. फक्त ऐच्छिक केली." टरफल खाली टाकून म्हणालात, "नको म्हनाचं बटन मी आपल्या हातानं करू? नाई होनार."

"पण ज्याले नको असन त्यानं काय करावं?"

"कोनाले नको असन?"

तुम्ही खरोखर विचारलं होतं. तुमच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं. भाऊजी, त्याचं उत्तर काही महिन्यांनी मला मिळालं आणि ते मी तुम्हाला कधी दिलं नाही. आज देतो. हे लिहायला बसलो ते मुख्यतः त्यासाठीच.

नागपूरच्या एका दवाखान्याला पेशंटचे नंबर पुकारायला हाकारा हवा होता. तुम्ही त्यासाठी वेगळ्या हाका बोलून दिल्यात, मी तो तिथे बांधला आणि सुरू केला. तुमचा आवाज आला, "एक नंबर, खिडकीवर या जी." काउंटरवरच्या बाई फिसकन हसल्या. त्यांचं बघून बाकावरचे दोघे हसले. बाई म्हणाल्या, "हे गावठी नको हो, काहीतरी प्रोफेशनल ठेवा." मीही हसलो, भाऊजी. त्यांच्याबरोबर हसलो. मग तुमचं फोल्डर पुसलं आणि पुन्हा बांधलं. तुम्हीच लिहून ठेवल्याप्रमाणे कॉन्फिगरला मराठी सापडली नाही आणि तो गुपचूप पुढे गेला. कुठेही खूण राहिली नाही.

रविवारी तुम्ही हेल्मेट काढायच्या आधी विचारलंत, "नागपूरले बोललो का मी?"

"नाही ना भाऊजी. तिथं फोल्डर सापडलंच नसन, तसंच पुढं गेलं ते."

तुम्हाला शंका आली नाही. उलट चूक आपलीच, असं तुम्ही धरून चाललात. पुढच्या रविवारी नवीन ओळी लिहून आणल्यात. आता कॉन्फिगर एका जागी मराठी शोधून थांबणार नव्हता, पाच जागी शोधणार होता. सौसरला त्या म्हणजे जिनिंगच्या मशीनवरच्या तीन जागा, जुनी बॅकअपची डिस्क, आणि शेवटी तुमच्या घरचा कॉम्प्युटर, ज्याची वायर भिंतीवरून जिनिंगमध्ये गेली आहे. "एका जागी नाई दिसली म्हनून सोडून द्याची का?" तुम्ही म्हणालात. मी मान डोलावली. ओळी चांगल्या होत्या, एकही चूक नव्हती. माझी पद्धत असती तर मला दवाखान्यात विदाउट-मराठी असं स्वच्छ अक्षरात लिहावं लागलं असतं आणि तुम्ही ते वाचलं असतंत. तुमच्या भोळ्या पद्धतीने माझं खोटं झाकलं. सांगायला चार वर्षं आणि दोनशे तरी रविवार मिळाले होते.

पोळ्याच्या दोन दिवस आधी तुम्ही गेलात. त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्यात तुमचं असं काही नाही.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली. दिवाणजींनी नवीन मशीन घेतलं होतं. कोणीतरी जुन्यावरचं सगळं उतरवून त्यावर हाकारा बांधला, कॉन्फिगरने पाच जागा शोधल्या आणि पहिल्या सकाळी आठ वाजता सौसरच्या त्या गल्लीत तुम्ही बोललात, "एक नंबर, गाडी काट्यावर घ्या जी." तुमच्या घराची मागची भिंत आणि जिनिंगची भिंत एकच आहे. भोंगा त्या भिंतीवर आहे. आपणच बसवला होता, तुम्हाला जेवायला घरी येता यावं आणि नंबर ऐकू यावा म्हणून.

दुसऱ्या आठवड्यात ताईचा फोन आला. ती रडत नव्हती. तेराव्यालाही ती रडली नव्हती, सगळ्यांना वाढत होती.

"संजू, त्याहिचा आवाज बंद कर," ती म्हणाली. "फोडनी टाकली का तेरा नंबर. कपडे वायू घातले का चौदा नंबर. अन् ते बोलले का मांगून मी बोलते. माहाच आवाज. ते हाक मारून राह्यले अन् मी जबाब देऊन राह्यली, दिवसभर. शाळेतून घरी यावं वाटत नाही मले."

मी म्हणालो, "करतो ताई. पाच मिन्टाचं काम हाये."

पहिल्या दिवशी मी जिनिंगच्या मशीनवरच्या तिन्ही जागांवरून फोल्डर हलवलं आणि कॉन्फिगर चालवला. तेव्हा लक्षात आलं, की त्याचे सगळे निरोप तुम्ही लिहिले आहेत. मी "शोधत आहे" असं लिहिलं होतं, तुम्ही ते खोडून आपलं घातलं होतं. यंत्र सौसरचं आहे तर सौसरसारखंच बोलेल, असं तुमचं म्हणणं. स्क्रीनवर एकेक ओळ येत गेली. "प्रिंटर शोधून राहिलो. सापडला." "मेसेजची सोय शोधून राहिलो. नाई सापडली, जाऊ द्या." "मराठी शोधून राहिलो. पह्यल्या जागी नाई. दुसऱ्या जागी नाई. तिसऱ्या जागी नाई." इथे तो क्षणभर अडकला. मी खुर्चीच्या कडेवर आलो होतो. मग ओळ आली, "चौथ्या जागी सापडली. चला." बॅकअपची डिस्क. भर दुपारी, शेजारी दिवाणजी चहा पीत बसलेले असताना, मी दचकून मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी डिस्क काढून घेतली. "चौथ्या जागी नाई. पाचव्या जागी सापडली. चला." आता तुमच्या घरचा कॉम्प्युटर. मी उठून भिंतीला वळसा घालून तुमच्या घरी गेलो. ताई शाळेत होती, किल्ली शेजारी होती. तुमच्या खोलीत बसून ते फोल्डर उघडलं आणि पुसायच्या आधी एक फाइल ऐकली. ऐकायला नको होती. ती कच्ची फाइल निघाली. त्यात तुम्ही बावीस म्हणता, खोकता, कोणाला तरी "पंखा बंद कर ना" म्हणता, परत बावीस म्हणता, आणि स्वतःशीच म्हणता, "आता जमलं."

माझ्याने पुसवलं नाही. वायर काढून टाकली असती तरी चाललं असतं, पण उद्या कोणी परत जोडली तर? त्या खोलीत बसून मला आपला सगळा वाद नव्याने कळला. तुम्हाला वाटायचं, नको म्हणण्याची सोय केली की वस्तू मरते. आणि सोय नसल्यामुळे माझ्यापुढे दोनच वाटा होत्या, एक तर तुम्हाला सगळीकडून खरवडून पुसायचं, नाही तर ताईने रोज ऐकायचं. दवाखान्यातही मी तेच केलं होतं, पुसलं होतं. नुसतं "नको" म्हणता आलं असतं तर तुम्ही त्या फोल्डरात सुखरूप राहिला असतात, फक्त कोणी हाक मारली नसती. हे मी तुम्हाला इतक्या वर्षांत का समजावू शकलो नाही? कारण मला तरी कुठे कळलं होतं. मी आपला नियम म्हणून भांडत होतो.

तिसऱ्या दिवशी मी ती सोय लिहिली. विथ-मराठी, विदाउट-मराठी. "नको" म्हटलं तर पाचांपैकी एकाही जागी पाहायचं नाही. आणि काहीच सांगितलं नाही तर? इथे मात्र मी माझ्याही मनासारखं केलं नाही. तुम्ही म्हणाला असतात, सापडलं तर घे. मी म्हणालो असतो, सोडून दे. मी लिहिलं, की उत्तर मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही. निरोप तुमच्या बोलीत लिहिला, "मराठी पाहिजे का नको, सांगा जी. सांगतल्याबिगर पुढं जात नाही." आता तुमची मराठी कोणाला गुपचूप गाळता येणार नाही, भाऊजी. गाळायची असेल तर तोंडाने नको म्हणावं लागेल आणि ते लिहिलेलं राहील. प्रत्येक बदलाबरोबर काय केलं याची एक ओळ लिहायची असते. मी "मराठी ऐच्छिक केली" असं टाइप केलं आणि खोडलं. "नको म्हणायची सोय केली" असं लिहिलं. मी जिंकलो होतो. असं जिंकून मी काय करू?

सौसरच्या मशीनवर विदाउट-मराठी म्हणून बांधलं आणि दुसऱ्या सकाळी जिनिंगमध्ये जाऊन उभा राहिलो. "नंबर एक, काँटे पर आइए." एकटी ताई. ऐकायला स्वच्छ आणि रिकामं. दुपारी लोधीखेड्याकडचा एक म्हातारा गाडीवाला खिडकीशी आला.

"आज गजूभाऊ नाई का?"

दिवाणजी म्हणाले, "गजूभाऊ त पोयाले वारले, बाबा."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोयाले? अन् मंग मंगळवारी मले हाक कोनं मारली? एकेचाईस नंबर. इथंच उभा होतो मी. मी हो बी म्हटलं त्याहिले."

दिवाणजींनी माझ्याकडे बोट केलं. मी मशीन, आवाज, फाइल असं काहीतरी पुटपुटलो. म्हातारा ऐकून घेत होता, पण त्याला ते नको होतं. त्याने टोपी काढली, भोंग्याकडे बघून हात जोडले आणि गाडीकडे गेला. मला वाटलं, आपण तुम्हाला काल मारलं. पोळ्याला तुम्ही फक्त घरच्यांसाठी गेला होतात.

त्या दिवशी आवक भरपूर होती. चार वाजायच्या सुमारास ताईचा आवाज म्हणाला, "नंबर अट्ठासी, काँटे पर आइए." गाडी आली, गेली. आणि मग तुम्ही बोललात.

"नंबर उननब्बे, काँटे पर आइए जी."

मी इतक्या जोरात उठलो की खुर्ची पडली. रांगेतले दोघं-तिघं हसले, एक जण ओरडला, "अरे उननब्बे आया!" त्यांना सवयीचं होतं ते. मला नव्हतं. मी हिंदीच्या फोल्डरात शोधलं. नव्व्याण्णव फाइली ताईच्या. एक, एकोणनव्वदची, तुमची. हिंदीत ज्याला नवासी म्हणतात तो आकडा तुम्ही आपल्या मराठी हिशोबाने घडवला होता. एकोणनव्वद, म्हणून उननब्बे. आजवर तुमच्याच मराठी हाकेच्या मागून यायचा, म्हणून माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या नियमाने ही सरळसरळ चूक आहे. ज्या आवाजाला नको म्हटलं तोच दुसऱ्याच्या फोल्डरातून येतो म्हणजे माझं "नको" अर्धंच होतं.

भिंतीला वळसा घालून मी घरी धावलो. ताई मागच्या अंगणात दोरीशी उभी होती, हातात ओली चादर.

"ताई, माफ कर. ते हिंदीतच घुसलेलं होतं, मले माहीत नव्हतं. आत्ता काढतो."

ती चादर पिळत होती, आधीच पिळलेली. म्हणाली, "माही नवासी बोलतानी शेजारच्या कुकरनं शिट्टी मारली होती. परत बोलून देते म्हटलं. त हे म्हनतेत, उननब्बे बोल. मी म्हटलं, असा शब्दच नाही हो हिंदीत, साऱ्या तालुक्यात हसं होईन माहं, मास्तरीन हाये मी. हे म्हनतेत, एकोनतीसचं उनतीस होते, एकोनपन्नासचं उनचास होते, त एकोननव्वदनंच काय घोडं मारलं? दोन दिवस भांडलो. मी चुकीचं बोलीन नाही, हे बरोबर ठेवतीन नाही. शेवटी स्वतःच बोलून आले अन् मले सांगतलं बी नाही. हंगामात पह्यल्यांदा भोंग्यातून आयकलं मी, पोया लाटतानी."

आणि ती हसली. तोंडावर चादर धरून हसली, आणि हसता हसता जे सुरू झालं ते पुष्कळ वेळ थांबलं नाही. मी दोरी धरून उभा राहिलो. तेराव्याला न रडलेली माझी बहीण चौथ्या महिन्यात एका चुकीच्या आकड्यावर रडली.

डोळे पुसून झाल्यावर मी परत विचारलं, काढू का. "तूच नको म्हटलं होतं ना, ताई."

"मराठीतल्याले म्हटलं होतं," ती म्हणाली. "ते साऱ्या गावाले हाका मारत. हे एवढं एक माह्याशी भांडाले बोलले होते. राहू दे."

राहू दिलं. दवाखान्याचंही त्याच संध्याकाळी ताईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्याहिले माहीत होतं रे." मग मला चहा दिला. कसं माहीत होतं, कोणी सांगितलं, तुम्ही मला का बोलला नाहीत, यातलं काही ती सांगायला तयार नाही. म्हणजे त्या पाच जागा तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून लिहिल्या नव्हत्या. मला वाचवायला लिहिल्या होत्या, पुन्हा "फोल्डर सापडलंच नसन" असं खोटं बोलावं लागू नये म्हणून. की ताई उगाच माझं ओझं हलकं करते आहे? भाऊजी, हे एक तुम्ही सांगायला हवं होतं. मी शिव्या खाल्ल्या असत्या. तुमच्या शिव्या मला चालल्या असत्या.

त्यानंतर मी सौसरला आठवड्यातून दोनदा जातो. कामाचं निमित्त सांगतो. ताई शाळेतून आली की मागच्या अंगणात काम काढते. दुपारभर तिचाच आवाज नंबर पुकारत असतो, ती तिकडे लक्ष देत नाही. सत्तरच्या पुढे गेलं की तिचे हात मंदावतात. एकोणनव्वदला ती मान वर करते, "नवासी म्हना हो, नवासी" असं भिंतीकडे बघून पुटपुटते आणि परत कामाला लागते. मला ऐकू जातं हे तिला माहीत आहे.

पण आता पौष लागला, आवक उतरली. गेल्या आठवड्यात तीनच दिवस नंबर तिथवर पोचला. फाल्गुनात जिनिंग बंद होईल. काल मी अंगणात तिच्यासोबत बसलो होतो. ब्याऐंशी झालं, त्र्याऐंशी झालं. ताई तांदूळ निवडत होती, सूप मांडीवर. चौऱ्याऐंशीची गाडी काट्यावर गेली आणि मग बराच वेळ काही आलं नाही. भिंतीपलीकडे फाटक ओढल्याचा आवाज आला, भोंगा खरखरला आणि बंद झाला.

ताईने सुपातले दोन खडे वेचून टाकले. मग सूप उचलून उठली आणि आत जाता जाता म्हणाली, "येतीन उद्या."

गाड्या, असं म्हणायचं असेल तिला.